मला कुणी हाकललं नव्हतं

प्रिय विनार्ती,

आधी एक कबूल कर, पत्र शेवटपर्यंत वाचशील. मध्ये कुठेतरी तुला माझा राग येईल आणि तो यायलाच हवा, पण कागद चुलीत घालायचाच असला तर शेवटची ओळ वाचून मग घाल. माझं अक्षर बघून घाबरू नकोस. पेन बोटांत टिकत नाही म्हणून शेजारच्या सारिंतेनने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते माझ्या तळव्याला बांधून दिलंय. बांधताना ती म्हणाली, "कस्मिना, एवढं काय लिहायचंय? फोन कर की." तिला काय सांगू? फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू "मी बरी आहे, माक, भात टाकलाय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. तीन आठवड्यांत चार वेळा भात टाकून झाला तुझा.

मला भीती वाटतेय, विनार्ती. ईदच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून परत आले तेव्हापासून वाटतेय. जेवायला बसले की हात घासासकट तसाच राहतो. त्या दिवशी मी तुझ्या अंगणात बसले होते. ईदच्या भेटीला आधी कुणाकडे जायचं ते तुझा नवरा सुरोतो ठरवत होता, तुमची लारास कोंबड्यांमागे पळत होती, आणि तू सणासुदीचीही शेगडी पेटवून त्या लाल किनारीच्या लुंगीवरचं उरलेलं बाटिकचं मेणकाम उरकत होतीस. शेजारची कार्ती तुझ्यासोबत बसली होती. तू मेण भरलेली लेखणी कढईतून उचललीस, टोकावर फुंकर घातलीस, आणि ती कापडाशी नेताना एक थेंब पडला. तुझ्या डाव्या हातावर, करंगळीच्या खाली. उकळतं मेण ते, धूर निघत होता त्यातून. तू हात काढला नाहीस. तू "स्स" सुद्धा केलं नाहीस. कार्ती हसून म्हणाली, "हिच्या हाताला आता मेणच घाबरतं." आणि तू पहिल्यांदा हाताकडे बघितलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस.

मी नजर दुसरीकडे वळवली. आई असून मी हे केलं. चहा संपवला, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारचीच बस धरली. पिशवीत तू दिलेल्या, नारळाच्या पानांत शिजवलेल्या भाताच्या पुड्या होत्या, त्या दोन दिवसांनी आंबल्या तेव्हा मला त्यांची आठवण झाली. तुला काय झालंय ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. आपण दोघींनी तो शब्द आयुष्यात एकमेकींसमोर उच्चारला नाही. इथली नर्स कुष्ठरोग म्हणते. आपल्या गावात त्याला महारोग म्हणायचे, आणि तेही बायका पदर तोंडाशी नेऊन. लिहिला बघ.

आता मी तुला एक जुनी गोष्ट सांगते. थोडी तुला ठाऊक आहे, पण जी ठाऊक आहे ती खोटी आहे.

मी सव्वीस वर्षांची होते आणि लासेम गावच्या त्याच गल्लीत, तू आता जिथून काम आणतेस तिथून चार घरं पलीकडे, बाटिक करायला जायचे. पाच जणी एका शेगडीभोवती बसायचो. नव्या मुली मेणाचा थेंब पडला की किंचाळायच्या, मग आम्ही त्यांची टिंगल करायचो. हात बनायला दोन वर्षं लागतात असं सगळ्या म्हणायच्या. माझा हात एका पावसाळ्यात बनला. थेंब पडायचे आणि मी पुढची रेघ ओढत राहायचे. आमची मुख्य बाई इतरांना म्हणायची, "बघा गं, कस्मिनाकडून शिका. हिला भाजतच नाही." मला बारीक कामं मिळायला लागली, पाखरांच्या पंखांतले ठिपके, पाकळ्यांच्या शिरा. विनार्ती, मी फुगले होते गं. माझा हात मरत होता आणि मी त्याची शाबासकी घेत होते. घरी येऊन तुझ्या बापाला हातावरचे फोड दाखवायचे आणि सांगायचे, हे बघ, मला कळलंही नाही. दीड वर्ष मी हे असं मिरवलं.

मग कोपराच्या मागे एक फिकट चट्टा दिसला. आंघोळ करताना दिसला आणि मी तिथेच मोरीत खाली बसले. माझ्या आजोळी एक काकू होती, तिला परसातल्या झोपडीत ठेवलं होतं, तिचं जेवण करवंटीत घालून काठीने पुढे सरकवायचे. लहानपणी आम्ही मुलं त्या झोपडीकडे दगड मारून पळायचो. मीही मारले आहेत. त्यामुळे मला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. माझ्यासारखीचं काय करायचं असतं ते मला पाठ होतं. मी माझं ताट वेगळं केलं. ग्लास वेगळा केला. तू माझ्या कुशीत झोपायचीस, तुला तुझ्या आजीच्या चटईवर नेऊन टाकलं, तू तीन रात्री रडलीस. लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागले. तुझ्या आजीने विचारलं, "उकडत नाही का गं तुला?" मी म्हटलं, "थंडी वाजते." आपल्याकडे, समुद्राकाठी, थंडी.

तुझ्या बापाने ओळखलं. तो मिठागरात काम करणारा माणूस, बोलायचा कमी, पण डोळे उघडे असायचे त्याचे. एका दुपारी त्याने माझा वेगळा ठेवलेला ग्लास उचलला, त्यात पाणी ओतलं आणि माझ्यासमोर उभं राहून प्यायला. मग म्हणाला, "उद्या सायकल काढतो. दवाखान्यात जाऊ. औषध निघालंय म्हणतात." मी काय केलं असेन? तो ग्लास त्याच्या हातातून हिसकावला आणि ओट्यावर आपटून फोडला. मी त्याला म्हटलं, "तुला घाण कळत नाही का?" घाण हा शब्द त्याने नाही वापरला, तुझ्या आजीने नाही वापरला. मी वापरला, स्वतःला.

चौथ्या दिवशी पहाटे तो मिठागरात गेला आणि मी निघाले. तू झोपली होतीस, पाच वर्षांची. तुझ्याकडे बघितलं असतं तर पाय निघाला नसता, म्हणून बघितलं नाही. बसमध्ये उभी राहिले, सीट रिकामी असून. कुष्ठरोग्यांच्या या वसाहतीच्या फाटकाशी उतरले आणि आत आले. मला कुणी हाकललं नव्हतं, विनार्ती. तुझ्या बापाने नाही, आजीने नाही, शेजाऱ्यांनी नाही. त्यांना संधीच दिली नाही मी.

आता खोटं कसं झालं ते ऐक. इथे नवीन माणूस आलं की पहिल्या आठवड्यात सगळे त्याला घेऊन बसतात आणि आपापली हकीकत सांगतात, कोण कसा घराबाहेर पडला. दुलमनानचं अंथरूण त्याच्या भावांनी जाळलं होतं. सारिंतेनला तर तिच्या नवऱ्याने बैलगाडीला मागे बांधलेल्या दुसऱ्या गाडीत बसवून आणलं, गावातल्या कुणी तिचं तोंडही बघू नये म्हणून वर पोतं टाकलं. सगळ्यांचं सांगून झालं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे काही नव्हतंच. माझा नवरा माझ्या ग्लासातलं पाणी प्यायला, हे सांगितलं असतं तर सारिंतेनने माझं थोबाड फोडलं असतं, आणि बरोबर केलं असतं. मला लाज वाटली. म्हणून मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने आणि सासूने मला काठीने हाकललं. बायकांनी मला जवळ घेतलं. किती दिवसांनी कुणीतरी जवळ घेतलं होतं. मग ते खोटं पुन्हा सांगितलं, मग त्यात काठी बांबूची झाली, मग सासूने चूल पाण्याने विझवली असंही आलं. दोन वर्षांनी औषध संपलं आणि डॉक्टर म्हणाले, तू बरी झालीस, आता घरी जा. मी म्हटलं, मला घर नाही. तोवर मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तुझा बाप चार वेळा सायकलवरून इथे आला. चारही वेळा मी स्वयंपाकघराच्या मागे लपले आणि ती इथे नाही असं सांगायला लावलं. तो खारवलेले मासे फाटकाशी ठेवून जायचा. इथल्या लोकांना वाटायचं, मारायला येतो. हे माझं मी केलेलं आहे.

मग तू चौदाव्या वर्षी मला शोधत आलीस. शाळेच्या गणवेशात, पायात मातीने भरलेल्या चपला. तू विचारलंस, "माक, तू मला का सोडलंस?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून तेच सांगितलं, बांबूची काठी, विझवलेली चूल. खरं सांगितलं असतं तर दोष माझा निघाला असता. तू घरी गेलीस आणि बापाला तोंडावर विचारलंस. पुढच्या भेटीत तू मला म्हणालीस, "तो काहीच बोलला नाही. खाली मान घालून बसला. म्हणजे खरंच आहे ते." मला त्या क्षणी कळलं की तो गप्प का राहिला. मला खोटं पाडायचं नव्हतं त्याला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी तुला भात वाढला, वेगळ्या ताटात, आणि लांब बसून तुझ्याकडे बघत राहिले. सोळाव्या वर्षी तू ते घर सोडून लासेमला गेलीस. तो गेला तेव्हा फक्त मातीला गेलीस आणि त्याच दिवशी परतलीस. सहा वर्षं झाली. त्याची माफी मागायची सोय राहिली नाही, म्हणून तुझी मागतेय. नाही दिलीस तरी चालेल, पण पुढचं वाच.

तुझ्या लग्नात सुरोतोच्या घरच्यांना सांगायचं खोटंही मीच शिवून दिलं, की माझ्या हातांवर मेणाची कढई उलटली. तुझी सासू हळहळली, मला मलम सुचवलं. तू माझ्याकडे बघून हसलीस, आणि मला वाटलं, चला, पोरीचं नीट मार्गी लागलं. आता वाटतं, त्या दिवशी मी तुला शिकवलं की हे लपवायचंच असतं.

कारण ईदला मी फक्त मेणाचा थेंब नाही पाहिला. तू सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा दिलास आणि स्वतः टवका उडालेल्या पत्र्याच्या मगातून प्यायलीस, आणि तो मग घासून खिडकीत वेगळा पालथा घातलास. लारास तुझ्या मांडीवर उडी मारायला आली तर तू डावी बाजू वळवून घेतलीस आणि तिला म्हणालीस, "जा, बाबाकडे जा." पोरगी हिरमुसली. सुरोतो हसत हसत मला म्हणाला, "माक, तुमच्या मुलीने मला घटस्फोट दिलाय वाटतं. दोन महिने झाले, ही बाहेर ओसरीवर झोपते. म्हणते उकडतं." सगळे हसले. तूही हसलीस. माझ्या अंगावर काटा आला, कारण मी थंडी वाजते म्हटलं होतं. तुला कुणी वेगळं ताट दिलं नव्हतं. तू स्वतःच घेतलंस. आणि मनात काय चाललंय तेही मला दिसतं. तुला वाटतं, एक दिवस सुरोतोला कळेल आणि तो काठी उचलेल, जशी तुझ्या बापाने उचलली. अगं, ती काठी कधी नव्हतीच. मी ती इथे एका पारावर बसून बनवली आणि तू तिला भिऊन तुझ्या पोरीला मांडीवरून उतरवतेयस.

मी इथल्या नर्सला विचारलं, नाव न सांगता. ती पोरगी आहे तुझ्याहून लहान, पण आमच्या हातचं खाते आणि वर मागून घेते. तिने मला दोनदा समजावलं, म्हणून नीट लिहिते. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने, फार तर वर्ष. गोळ्या सुरू झाल्या की लवकरच तुझ्यापासून कुणाला धोका राहत नाही, ताटाने, ग्लासाने तर हा रोग तसाही पसरत नाही. लारास आणि सुरोतोला तपासून सावधगिरीची एकच खुराक देतात. बधिरपणा नवा असला तर लवकर औषध मिळाल्यावर हाताची जाण पुष्कळदा परत येते, पण महिने घालवले की बोटं आत वळायला लागतात आणि मग ती कुणालाच सरळ करता येत नाहीत. मी तिला विचारलं, "माझ्या बाबतीत किती उशीर झाला होता?" ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "दीड वर्ष, आजी, आणि मग आणखी थोडा." तेवढं बोलून तिने माझ्या पायाची जखम बांधली. सारिंतेनचे गुडघे सुजलेत, दुलमनानची शेळी व्याली, दोन करडं आहेत, एक काळं. बाकी इथे सगळं ठीक. मीच ठीक नाही. सकाळी उठल्या उठल्या तुझी करंगळी डोळ्यांपुढे येते.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते, आणि इथेच तू मला शिव्या घालशील. काल सकाळी सुरोतो मोटारसायकलवरून इथे आला. मी लपले नाही. त्याने सांगितलं की तू मलेशियाच्या कामाच्या एजंटाला भेटून आलीस, पिशवी भरून कपाटामागे ठेवलीस, पुढच्या शुक्रवारी जाणार म्हणतेस, आणि लारासला त्याच्या आईकडे ठेवायचं म्हणतेस. तो माझ्या पायरीवर बसून म्हणाला, "माक, माझं काय चुकलं ते तरी सांगा." लारासला पाचवं वर्ष लागलंय, विनार्ती. मी त्याला सांगितलं. तुझा हात, माझे हात, कढईचं खोटं, काठीचं खोटं, सगळं. तुला न विचारता सांगितलं, हा माझा हक्क नव्हता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, किल्ली हातातून दोनदा पडली, आणि मला वाटलं, संपलं, मीच माझ्या मुलीचं घर मोडलं. तो पुढे काय करेल याची मी तुला हमी देत नाही, माणसाची कोण देतं? तो उठून फाटकापर्यंत गेला, परत आला आणि त्याने एवढंच विचारलं की दवाखाना किती वाजता उघडतो. रात्री तो दुलमनानकडे झोपला आणि आत्ता बाहेर गाडी पुसत थांबलाय, माझं लिहून व्हायची वाट बघत. म्हणजे हे पत्र तुला पोस्टमनने दिलेलं नाही. ज्याने दिलं तो तुझ्यासमोर उभा असेल आणि त्याला सगळं माहीत आहे. तोही घाबरलेला आहे, पोरी. जा, त्याच्या मागे गाडीवर बस.

तुझीच,
माक